पावणेदोन तासांचं बंगळूर

'फक्त पावणेदोन तास' हे शब्द एकापुढे एक उच्चारायला कायद्याने बंदी करावी, अशी माझी सरकारकडे मागणी आहे. सुटे सुटे वापरायला माझी हरकत नाही. 'फक्त' हा तर आमच्या धंद्यातलाच शब्द. चेकवर अक्षरी रक्कम लिहून झाली की पुढे 'फक्त' लिहायचं आणि एक आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडता येत नाही. विमानवाल्यांच्या 'फक्त'ची गंमत अशी की तो आधी येतो, आणि घुसडायला पुढची सगळी जागा मोकळी राहते.

मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम. झालेला असल्यामुळे भूगोलाशी माझा संबंध दहावीला सुटला आणि विज्ञानाशीही त्याच दिवशी. राहतो सावर्ड्याला. तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी. सावर्डे कुठे आलं असं विचारणाऱ्यांना आम्ही 'कात कुठून येतो माहीत आहे का?' असं उलट विचारतो. विड्यातला कात. पण हल्ली विडा खाणारेच उरले नाहीत, त्यामुळे हायवे आणि कोकण रेल्वे सांगावी लागते. दोन्ही गावातून जातात. 'जातात' हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरलं आहे. बऱ्याचशा गाड्या आमच्याकडून नुसत्या जातातच. थांबणाऱ्यांत दिव्याची पॅसेंजर आहे. तिला नावं ठेवतील त्यांना रात्रीची झोप लागणार नाही.

तर माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, गेली वीस-बावीस वर्षं बंगळुरात आहेत. दादा काय काम करतात ते त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि मला ते तिन्ही वेळा समजलं आहे, पण पुन्हा सांगता येत नाही. पूर्वी ते गौरीगणपतीला यायचे ते बंगळुराहून रात्रीच्या बसने कोल्हापूर आणि तिथून एस. टी.ने आंबा घाट उतरून. एकूण वीसेक तास. आले की पहिला दिवस नुसते झोपायचे. मग दहा दिवस राहायचे, विसर्जन करून, उरलेले मोदक खाऊन, माझ्याशी एकदा जमिनीवरून भांडून, आईच्या पाया पडून जायचे. वीस तास हाडं खिळखिळी करून आलेला माणूस दीड दिवसात परत जात नाही. खर्च वसूल व्हावा लागतो. हे कॉमर्स आहे.

मग दादांच्या आयुष्यात विमान आलं. आणि एका गणपतीला ओटीवर बसून, पाय लांब करून, त्यांनी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं. "अगं आई, बंगळूर आता लांब राहिलंच नाही. मुंबई-बंगळूर फक्त पावणेदोन तास!"

आईने तोंडावर हात नेला. आमच्या सावर्ड्याहून चिपळूणला जाऊन, बाजार करून, परत येणाऱ्या एस. टी.साठी उभं राहिलं की पावणेदोन तास कधीच होऊन गेलेले असतात. म्हणजे बंगळूर चिपळूणच्या अलीकडे आलं, असा हिशेब तिने मनाशी मांडला, आणि मी तिथेच बसलो होतो तरी तिला अडवलं नाही. माझ्या हातून झालेली ही पहिली चूक. बँकेत अशा चुकीला मेमो मिळतो.

आता हे पावणेदोन तास म्हणजे नेमकं काय, ते मी जरा चौकशी करून काढलं. मुंबई आणि बंगळूर या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे ८३५ किलोमीटर. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून धरली तर जेवढी लागेल तेवढं. रस्त्याने हेच अंतर हजाराला जाऊन टेकतं. दोरी मात्र कुठलाच प्रवासी ताणून धरत नाही, आणि खरं सांगायचं तर विमानही धरत नाही. त्यालाही आखून दिलेल्या वाटा असतात, वळणं असतात, आणि मुंबईवर आलं की बारी असते. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून जातात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरायची सोय नाही. आमच्या शाखेत काउंटर दोन आणि कॅशियर एक, तसाच हा प्रकार. मग विमानं आकाशात घिरट्या घालतात आणि आत बसलेल्या माणसाला खिडकीतून तीच खाडी चार वेळा दिसते.

वेळापत्रकातली वेळ कुठून मोजतात, हेही विचारून ठेवा. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या गावी उभ्या जागेवर येऊन थांबलं की बंद होतं. प्रत्यक्ष आकाशात ते सव्वा-दीड तासच असतं. बाकीचा वेळ जमिनीवर रांगायला धरलेला, आणि थोडा पदरी असावा म्हणून ठेवलेला. म्हणूनच कधीकधी 'आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो आहोत' असं आतून मोठ्या अभिमानाने सांगतात. आधी फुगवून लिहायचं आणि मग वाचवलं म्हणून मिरवायचं. आमच्या शाखेतल्या एका साहेबांचं प्रवासभत्त्याचं बिल असंच असायचं, पण ते निदान मिरवत तरी नसत. आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरायचाच नाही, असा या धंद्याचा जगभरचा रिवाज आहे. आमचा काउंटर दोन मिनिटं उशिरा उघडला तर लोक शटरवर नाणं वाजवतात.

म्हणजे हे पावणेदोन तास खरे आहेत. माझी तक्रार ते खोटे आहेत अशी नाहीच. ते विमानाचे आहेत, अशी आहे. विमान मुंबईहून निघतं आणि बंगळुरास पोचतं. त्याला घर नाही, दार नाही, म्हातारी आई नाही. माणूस घरातून निघतो आणि घरी पोचतो.

आपल्या देशातल्या विमानवाहतुकीच्या इतिहासातच हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एका छोट्या विमानातून निघाले, वाटेत अहमदाबादेला उतरले आणि दुपारी मुंबईत जुहूला पोचले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. अहमदाबादेला विमानात पेट्रोल भरायचं होतं. ते डबे आले कशातून? बैलगाडीतून. ही हकीकत लोक गंमत म्हणून सांगतात, मला ती फार मोठी वाटते. विमानाच्या दोन्ही टोकांना एकेक बैलगाडी असते. १९३२ साली होती, आजही आहे. फक्त आज तिला चार चाकं आणि पुढे 'टूरिस्ट' अशी पाटी असते. वेळापत्रकात विमान छापतात, बैलगाडी छापत नाहीत.

बंगळूरकरांनी तर बैलगाडीची सोय फारच ऐसपैस केली. तिथला जुना विमानतळ शहराला लागून होता. २००८ साली नवा झाला तो देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर उत्तरेला. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई बंगळूरच्या उत्तरेला. विमानतळ उत्तरेला सरकला, म्हणजे मुंबईकडेच सरकला. हवाई अंतर वीसेक किलोमीटरने कमी झालं, विमानाची दोन मिनिटं वाचली, आणि माणसाचा दीड तास वाढला! कागदोपत्री बंगळूर जवळ आलं. अशा नफ्याला आमच्याकडे ऑडिटर काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. गोव्यातही तेच. जानेवारी २०२३ पासून मोप्याला विमानं उतरू लागली. मोपे दाबोळीपेक्षा मुंबईला जवळ. काणकोणच्या माणसाला विचारा, मुंबई त्याच्या जवळ आली का?

आमचे हेडकॅशियर म्हणतात, "तुम्ही विमानाच्या विरुद्ध आहात, कारण तुम्हाला तिकीट परवडत नाही." हे अर्धंच खरं आहे. मी एकदा विमानाने गेलो आहे. आईने दादांसाठी लोणच्याची बरणी दिली होती, ती मी जपून हातात घेतली. तपासणीच्या ठिकाणी एका अत्यंत सभ्य माणसाने ती काढून ठेवायला लावली. लोणचं आत नेता येत नाही. मी त्याला म्हटलं, "अहो, कैरी आहे ती." तो म्हणाला, "दिसतंय." बरणी तिथेच राहिली आणि मी पुढे गेलो. बंगळुरात दार उघडल्यावर वहिनींनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

आमची आई अंतर डब्यांत मोजते. मुंबई म्हणजे एक डबा: चपाती, बटाट्याची भाजी, वर लिंबाचं लोणचं. बंगळूर म्हणजे तीन डबे. पहिल्यात चपात्या, दुसऱ्यात दशम्या, कारण त्या टिकतात, आणि तिसऱ्यात लाडू. हे माप मला किलोमीटरपेक्षा जास्त अचूक वाटतं. वाटेत दरड कोसळली तर किलोमीटर वाढत नाहीत, डबे वाढतात.

आता ज्या दिवसापासून मी या विषयावर तावातावाने बोलायला लागलो, त्या दिवसाबद्दल सांगतो. जुलै महिना. सकाळी न्हाणीघराच्या पायरीवर आई शेवाळावरून घसरली. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. मी सात वाजता दादांना फोन लावला. दादा म्हणाले, "घाबरू नकोस. निघालोच. पावणेदोन तास!"

आणि मी, बी. कॉम., बँकेतली बावीस वर्षं नोकरी, दिसेल त्या आकड्यावर संशय घेण्याचाच पगार खाणारा माणूस, आईच्या उशाशी जाऊन म्हणालो, "दादा निघालाय. पावणेदोन तासांत येतो."

सव्वानऊला आई रुग्णालयात खाटेवर होती. एक्स-रे झाला होता, पायाला वजन बांधलं होतं, कळा येत होत्या. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "थर्मासमधला चहा सगळा पिऊ नकोस. त्याला ठेव."

मी म्हटलं, "अगं, वेळ आहे त्याला."

"वेळ कसली? झाले की पावणेदोन तास."

साडेदहाला तिने विचारलं, कुठवर आला. मी म्हटलं, घरीच आहे, दुपारचं तिकीट मिळालंय. आई माझ्याकडे थकबाकीदाराकडे बघावं तशी बघायला लागली. "घरी? मग पावणेदोन तास कोणाचे?"

हा प्रश्न आजवर एकाही विमान कंपनीला कोणी विचारलेला नसावा.

दादांचा दोष नव्हता. सकाळच्या विमानांत जागा नव्हती. कोल्हापूरला उतरावं म्हटलं तर त्या दिवशी तिकडचंही मिळेना. दुपारी तीन-चाळीसचं मुंबईचं मिळालं. पावणेबाराला ते घरून निघाले, कारण बंगळुरातली रहदारी आणि वर पाऊस. मुंबईत पाऊस म्हणून विमान सुटलं चार-पन्नासला. मुंबईवर येऊन घिरट्या. खाली उतरून बाहेर पडेपर्यंत पावणेआठ. रात्रीच्या कुठल्याच गाडीचं आरक्षण नाही, म्हणून टॅक्सी केली. पुढचं मी काय सांगू? मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण निघालं २०११ साली. तेव्हा जन्मलेली मुलं दहावीला बसली तरी गणपतीच्या तोंडावर खड्ड्यांच्या बातम्या छापून यायच्या थांबत नाहीत. माणगावात तुंबलेल्या गाड्या. त्यापुढे टॅक्सी पंक्चर. स्टेपनी होती, पण तीही पंक्चर. सकाळी सहा वाजता दादा रुग्णालयाच्या दारात उभे राहिले. चिखल गुडघ्यापर्यंत.

सात ते सहा, तेवीस तास. त्यातले विमानात, घिरट्या धरून, जेमतेम दोन. बंगळूर ते सावर्डे सरळ अंतर साडेसहाशे किलोमीटर. भागा तेवीसने. ताशी अठ्ठावीस किलोमीटर. ओझं घेऊन सायकल मारणारे आमच्याकडचे पाववाले याच्या थोडे मागे असतील, फार नाहीत. कोल्हापूरमार्गे एस. टी.ने आले असते तर तीन तास आधी पोचले असते.

आणि ज्याने मला फार छळलं ते पुढेच. मी नंतर शाळेच्या अ‍ॅटलासवर पट्टी ठेवून पाहिली. बंगळूरहून मुंबईला जाणारी सरळ रेघ कराडजवळून जाते. कराड! कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. म्हणजे विमान जर रेघेवरून गेलं असेल, तर दादा आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर आले होते, आणि तसेच वरच्या वर पुढे निघून, मुंबईला वळसा घालून, रात्रभर खड्डे खात परत आमच्याकडे आले.

आईला शस्त्रक्रियेसाठी आत नेण्याआधी तासभर तिला तो दिसला. तिने त्याच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झाले का रे तुझे पावणेदोन तास?"

दादा काही बोलले नाहीत. थर्मासमध्ये आदल्या दिवशीचा चहा तसाच होता. त्यांनी तो प्यायला.

लोक म्हणतील, ही एका कुटुंबाची एका पावसाळ्यातली गोष्ट झाली. विमानाने जग जवळ आणलं हे तरी कबूल कराल? करतो. आता तर ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचंही उद्घाटन झालं, आणि आम्हा कोकणवाल्यांना तो अंधेरीपेक्षा बराच सोयीचा. तेही कबूल. माझं भांडण विमानाशी नाही, त्या आकड्याशी आहे. कारण हा आकडा माणसाला नुसती चुकीची वेळ सांगत नाही. तो त्याला घरबसल्या पोचल्याचं समाधान देतो. वीस तासांच्या अंतरावर आई आहे हे माहीत असलेला मुलगा मे महिन्यापासून गणपतीच्या रजेची तजवीज करतो. पावणेदोन तासांच्या अंतरावर आई असलेला मुलगा म्हणतो, केव्हाही जाता येईल. केव्हाही जाता येणाऱ्या ठिकाणी माणूस कधी जातो, ते आमच्या गावातल्या वाचनालयाचं रजिस्टर पाहिलंत तर कळेल. मी स्वतः तिथून दोनशे पावलांवर राहतो.

दादांच्या मुक्कामांचा तक्ता मी मांडला आहे; सवयच ती. बसने यायचे तेव्हा दहा दिवस. रेल्वेने यायला लागले तेव्हा सात. विमान आल्यावर पाच, मग तीन, आणि अलीकडे दीड दिवसाच्या गणपतीबरोबर दीड दिवस. प्रवास सोपा होत गेला तसतसं येणं आखडत गेलं. परतीचं तिकीट खिशात घेऊनच ते ओटीवर चढतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना एक डोळा घड्याळावर असतो. वहिनी म्हणतात, "पुन्हा येऊच की, काय लांब आहे?" त्या प्रेमानेच म्हणतात.

यावर उपाय माझ्याकडे तयार आहे आणि तो आमच्या धंद्यातलाच आहे. पूर्वी कर्ज देताना आम्ही व्याजाचा दर मोठ्या अक्षरात सांगत असू, आणि प्रोसेसिंग फी, विमा, कागदपत्रांचा खर्च हे सगळं सही करताना गिऱ्हाइकाला बारीक अक्षरात भेटायचं. रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना आधी एक पत्रक हातात द्यावं लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर खरा किती पडतो तो आकडा लिहावा लागतो. गिऱ्हाइकं ते पत्रक वाचत नाहीत, पण ते असतं. विमानाच्या तिकिटालाही असं एक पत्रक जोडावं. विमानाचा वेळ: एक तास पंचेचाळीस मिनिटं. दोन तास आधी या म्हणून सांगितलं आहे तो वेळ: दोन तास. दोन्हीकडच्या बैलगाड्या: अमुक इतक्या. पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत दुसऱ्याच्या बॅगांकडे बघण्याचा वेळ: अमुक. सगळं धरून, दारापासून दारापर्यंत, गणपतीचे दिवस सोडून: इतके तास. आणि खाली प्रवाशाची सही: 'मला हे वाचून दाखवण्यात आलं आहे व आईला सांगताना मी हाच आकडा सांगेन.'

हेडकॅशियरांना मी हा मसुदा दाखवला. ते म्हणाले, असं पत्रक दिलं तर विमानात कोणी बसणारच नाही. मी म्हटलं, कर्ज घ्यायचं कोणी थांबलंय का?

आता शेवटचं. दादांचा मुलगा, माझा पुतण्या, मुंबईत नोकरीला लागला. गुणी मुलगा आहे. मागच्या डिसेंबरात त्याने संध्याकाळी फोन केला. मित्रांबरोबर गोव्याला चालला होता, विमानाने. तास-सव्वातासाचा प्रवास. म्हणाला, "काका, मी आत्ता सावर्ड्यावरूनच जाणार. आजीला सांग, सात-साडेसातला वर बघ म्हणावं!"

मी पुन्हा अ‍ॅटलास काढला. रेघ आमच्या पश्चिमेला सोळा-एक किलोमीटरवरून जात होती. विमान जमिनीपासून आठ-नऊ किलोमीटर वर. दहावीनंतर पहिल्यांदाच पायथागोरस कामाला आला. कर्ण आला अठरा. गेल्या दोन वर्षांत पोरगं आजीच्या इतकं जवळ कधी आलं नव्हतं.

आई आता काठी घेऊन चालते. सातलाच ती अंगणात खुर्ची टाकून बसली. मला ओटीवरचा दिवा लावायला लावला. त्याला घर दिसायला हवं, म्हणाली. नऊ वॅटचा बल्ब. मी काही बोललो नाही. साडेसातच्या सुमाराला पश्चिमेकडे, माडांच्या शेंड्यांवर, एक दिवा लुकलुकत दक्षिणेला सरकताना दिसला. तोच असेल की दुसरा कुठला, देव जाणे. आईने हात वर केला आणि तो दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग म्हणाली, "किती लांब होता रे आपल्यापासून?"

"अठरा किलोमीटर."

"म्हणजे चिपळूणएवढा." ती थोडा वेळ गप्प बसली. "मग त्या गाडीला चिपळूणला थांबा नाही का?"

"नाही गं."

"मग अर्ज करा की कुठेतरी," आई म्हणाली, आणि काठी टेकत दिवा मालवायला उठली.